जप्त केलेली वाफ

८ जुलै, मंगळवार

नववी ब, तिसरा तास. परावर्तनाचे नियम फळ्यावर अर्धेच झाले होते आणि मागच्या बाकाकडून आंब्याचा वास आला. पिकलेल्या हापूसचा. जुलैत!

गेले. सौम्याच्या कंपासमध्ये जांभळं हायलायटर. "काय आहे हे?" "हायलायटर, मॅडम." टोपण काढलं तर लिहायचं टोकच नाही, नुसतं एक भोक. शेजारच्या दोघी वहीत तोंड घालून हसत होत्या.

व्हेप. म्हणजे ई-सिगारेट. गेल्या वर्षी 'तंबाखूमुक्त शाळा' समितीची प्रमुख म्हणून मीच मुलांना चित्र दाखवून सांगितलं होतं की याच्यावर देशात बंदी आहे, विकणं गुन्हा आहे वगैरे. हातात मात्र आज पहिल्यांदा घेतलं. किती हलकं आहे!

सौम्या पिरनवाडीची. वडील परशराम, उद्यमबागेत फौंड्रीत आहेत. पोरगी फार पुढे नाही, पण मोत्यासारखं अक्षर, वह्यांना कव्हर. या पोरीकडे हे असेल असं मला स्वप्नातही वाटलं नसतं.

चिंतामणी सर (हेडमास्तर असूनही आवाज कधी चढत नाही त्यांचा) म्हणाले, "आत्ता कुठं बोलू नका. उद्या पालकांना बोलवा." वस्तू प्रयोगशाळेच्या कपाटात ठेवली. किल्ली माझ्याचकडे असते.

९ जुलै, बुधवार

परशराम कामावरूनच आले. कोपरापर्यंत काळी वाळू. बसा म्हटलं तरी बसले नाहीत, खुर्ची घाण होईल म्हणून.

"मॅडम, मी गुटखा खाल्ला न्हाय की कधी बिडी वडली न्हाय. घरात कुणालाच नाद न्हाय. मग ही कुठनं शिकली?"

आठ दिवस घरी बसवायचं ठरलं. ते एकच वाक्य परत परत म्हणत होते, "पोरीचं नाव काढू नका शाळंतनं."

सौम्या रडली नाही. मी बाहेर नेऊन विचारलं, का गं? म्हणाली, "मैत्रिणी म्हणल्या यात काय न्हाय, नुसती वाफ हाय. मग एक दिवस घेतलं न्हाय तर डोस्कं धरलं. मग घेतली तर उतरलं."

"मनावर घेतलंस की सुटतं," मी म्हटलं.

माझ्याकडे बघत राहिली.

सरांनी मला दोन कामं सांगितली आहेत. एक, वस्तू नष्ट करायची. दुसरं, ती कुठून आली ते शोधून लेखी द्यायचं, म्हणजे ते पोलिसांना कळवतील.

११ जुलै, शुक्रवार

लिहू की नको? लिहिते. या वहीला कोण विचारतंय!

शेवटचा तास मोकळा होता. ती वस्तू फोडायला प्रयोगशाळेत गेले. आत बॅटरी, आत द्राव. हातोडी मारावी की पाण्यात टाकावी, विचार करत बसले. नाकाशी धरली. मग — इतकी वर्षं विज्ञान शिकवते, मुलांना सांगते की स्वतः बघितल्याशिवाय बोलू नका — ओढली. एकदाच.

घशात काटे. खोकून खोकून डोळ्यांत पाणी. मग डोकं गरगरलं, स्टुलावर बसले, टेबलाची कड धरून. घाम फुटला. शी! असलं काय ओढतात पोरी!

पण पाच मिनिटांनी दिवसभर माझ्या डोक्यात जी भुणभुण चालू असते — पेपर, सुहासचा ऑफिसचा डबा, आईचं औषध, सीनियरिटीची यादी — ती थांबली. एकदम. चाळीस पार केल्यावर एवढं शांत कधी वाटलं होतं, आठवेना.

फोडली नाही. सोमवारी फोडीन.

१४ जुलै, सोमवार

फोडली नाही. दोनदा ओढली. या वेळी मळमळलं नाही.

१७ जुलै, गुरुवार

आता ती पर्समध्ये आहे. कपाटात ठेवली तर कुणी बघेल म्हणून! हे कारण मी स्वतःलाच सांगितलं आणि स्वतःच मान डोलावली.

मी बिडी ओढत नाही. सिगारेट नाही. तंबाखूचा तर मला लहानपणापासून तिटकारा. आई निपाणीत तंबाखूच्या वखारीत तीस वर्षं चाळण धरून बसली. तिच्या लुगड्याला, केसांना, आमच्या डब्यातल्या भाकरीलासुद्धा तो वास यायचा. शाळेत पोरी माझ्या शेजारी बसायच्या नाहीत. शिकून बाहेर पडायचं, या वासातून सुटायचं, एवढंच डोक्यात होतं. सुटले. बेळगावात नोकरी, हिंदवाडीत घर.

याला तर आंब्याचा वास आहे. मग हे काय आहे? तंबाखू आहे की नाही? पुस्तकात वाचलेलं सगळं येतं मला. निकोटीन तेच. पण हातात धरलं की ते खरंच वाटत नाही.

१९ जुलै, शनिवार

सौम्या परत आली. पहिल्या बाकावर बसवली. प्रार्थनेनंतर मी तंबाखूविरोधी शपथ घ्यायला लावली सगळ्यांना. माईक माझ्या हातात, पर्स माझ्या खांद्याला. शपथ चौथ्या ओळीत मी विसरले. अठरा वर्षांत पहिल्यांदा.

२४ जुलै, गुरुवार

संपली. काल संध्याकाळी टोकाचा दिवा पाच-सहा वेळा लुकलुकला आणि बंद.

बरं झालं! प्रश्नच मिटला.

२५ जुलै, शुक्रवार

डोकं दुखतंय. कपाळापासून मानेपर्यंत पट्टा आवळल्यासारखं. बी.पी. तपासून घेतलं, बरोबर आहे. आठवीच्या वर्गात एका मुलाने पेन्सिल पाडली तर मी एवढ्या जोरात ओरडले की शेजारच्या वर्गातून बाई डोकावून गेल्या. दुपारी दोन डबे खाल्ले. तरी हातांना काहीतरी हवंय.

हे त्याच्यामुळं? दहा-बारा दिवसांत? शक्य नाही. मी काय नववीतली पोर आहे?

२६ जुलै, शनिवार

शाळा सुटल्यावर सौम्याला थांबवून घेतलं. दार लोटलं. म्हटलं, "ते कुठून घेतलंस, खरं सांग. मला रिपोर्ट लिहायचाय."

बराच वेळ बूट घासत राहिली. मग, "पिरनवाडीत मोबाईलचं दुकान हाय मॅडम. शामूचं. स्क्रीनगार्ड लावायला गेलतो आम्ही मैत्रिणी. तेनं दाखवलं." आणि मग, "बाबांना सांगू नका हं. ते तेला मारायला जातील."

"नाही सांगत."

रिपोर्ट हवा होता हे खरंच आहे. सरांनी सांगितलंच होतं. मग दुकानाचं नाव ऐकल्यावर माझी छाती का धडधडली?

२७ जुलै, रविवार

सुहासला म्हटलं, पिरनवाडीला एका विद्यार्थिनीच्या घरी जाऊन येते. तो विम्याच्या ऑफिसातून आणलेले कागद पसरून बसला होता. "ये की," म्हणाला.

स्कूटी काढली. उद्यमबाग रविवारची रिकामी. सगळ्या वाटेत मी ठरवत होते की दुकान बघायचं, पाटी वाचायची, परत यायचं. बस्स.

दुकान एवढंसं. चार्जर, कव्हर, इयरफोन लोंबतायत. शामू म्हणजे तीसेक वर्षांचा, कपाळाला गंध, बोलायला गोड. "काय पायजे आक्का?"

मी म्हणाले, "ते... आंब्याचं. भाच्याला पाहिजे होतं. मुंबईला असतो."

त्याने माझ्याकडे नीट बघितलं. पायातल्या चपलांपासून मंगळसूत्रापर्यंत. काउंटरखालून काढून दिलं. "आंबा संपला बगा. कलिंगड हाय, मिंट हाय. नवीन लोकास्नी मिंट लागतंय जरा."

नवीन लोक.

मिंट घेतली. घरापर्यंतही दम निघाला नाही. फाट्यापुढं, एका बंद शटरसमोर गाडी लावून, हेल्मेट डोक्यात तसंच — काचेवर वाफ धरली, समोरचं दिसेना.

डोकेदुखी दोन मिनिटांत गेली. सौम्याने अगदी हेच सांगितलं होतं.

३० जुलै, बुधवार

सर म्हणाले, "रिपोर्टचं काय झालं?"

मी लिहून दिलं: 'विद्यार्थिनीकडे वारंवार चौकशी करूनही वस्तू कोठून मिळाली याबाबत माहिती मिळू शकली नाही. जप्त केलेली वस्तू नष्ट केली.' खाली सही. अक्षर जरासुद्धा हललं नाही.

९ ऑगस्ट, शनिवार

राखीला निपाणीला. महादेवदादाच्या घरी. आई, रुक्माबाई म्हटलं की अजून वखारीतल्या बायका ओळखतात, आता दिवसभर पुढच्या सोप्यात बसून असते. खोकते. चाळणीची धूळ तीस वर्षं छातीत बसली ती बसलीच.

गेले तेव्हा मिश्री लावत होती. तव्यावर भाजलेली तंबाखू, बोटाने हिरड्यांना. नेहमीसारखी मी सुरू झाले, "आई, किती वेळा सांगायचं! ही तंबाखूच आहे. तोंडाचा कॅन्सर होतो. डॉक्टरांनी सांगितलंय ना?"

"मी कुटं बिडी वडतोय गं? दातास्नी लावतोय. लावली न्हाय तर पोट साफ हुईत न्हाय, डोस्कं उठतंय."

"सगळं मनाचं असतं."

हे मी वीस वर्षं म्हणतेय तिला. आज म्हणताना जीभ अडखळली. तिने बोट धुतलं, पदराला पुसलं आणि माझ्याकडे बघून विचारलं, "तुझं तोंड का असं उतरलंय? तब्येत बरी हाय न्हवं?"

दुपारी तीनदा मागच्या अंगणात जाऊन आले. फोन आलाय म्हणून. वहिनी म्हणाली, शाळेची लई कामं दिसत्यात.

परतीच्या गाडीत खिडकीला डोकं टेकून विचार करत होते, आईला कधीपासून लागली ही? कधी विचारलंच नाही. वखारीत जायला लागली तेव्हा ती सतरा वर्षांची होती. तिला कुणी शिकवलं असेल? 'यात काय नाही' असं कोण म्हणालं असेल?

आणि मी नुसतं रागावत आले.

१४ ऑगस्ट, गुरुवार

शामूकडे आणखी दोनदा जाऊन आले. मोजायला सुरुवात केलीय. सकाळी स्वयंपाकघराच्या मागच्या दारात, शाळेत पोचताच बाथरूममध्ये, मधल्या सुट्टीत, जेवणानंतर, घरी येताना दोनदा. उद्यापासून तीनच.

१५ ऑगस्ट

ध्वजारोहणाला दीड तास उभं राहावं लागलं. शेवटच्या भाषणाला मला एकही शब्द कळला नाही. मी फक्त बाथरूमच्या दाराकडे बघत होते.

तीन झाल्या नाहीत. नऊ झाल्या असतील.

२१ ऑगस्ट, गुरुवार

सुहास म्हणाला, "नवीन टूथपेस्ट आणलीस काय? लई मिंट मिंट वास येतोय सारखा."

"घसा धरलाय. गोळ्या चघळतेय."

"दाखव की डॉक्टरला. पंधरा दिवस झाले खोकतीस."

एवढा साधा माणूस आहे. त्याच्याशी मी लग्नानंतर कधी मोठं खोटं बोलले नव्हते. आता दिवसाला दोन-तीन बोलते आणि जेवायला वाढते.

२८ ऑगस्ट, गुरुवार

काल गणपती बसला. आरतीच्या मध्येच मी उठून आत गेले. कापूर शोधायला.

का करते मी हे? मजा येत नाही आता. पहिल्या दिवशी जी शांतता मिळाली होती ती परत कधी मिळालीच नाही. आता नुसतं बरं वाटण्यासाठी लागते. म्हणजे जुलैआधी जशी मी फुकट असायचे, तशी होण्यासाठी! हे काय गणित आहे?

३ सप्टेंबर, बुधवार

सौम्या वर्गात झोपते. घटक चाचणीत सतरावरून आठवर आली. तिचा हात वहीवर थरथरतो. मी ओळखते ती थरथर. तिने सोडलेलं नाही, हे मला स्वच्छ दिसतंय. विचारायला हवं. बाईने विचारायला हवं.

विचारलं नाही. तिने उलट काही विचारलं तर?

९ सप्टेंबर, मंगळवार

मधल्या सुट्टीत मुलींच्या बाथरूममध्ये सातवीतली आरोही पडली. ओकारी, अंग गार, ओठ पांढरे. बारा वर्षांची पोर. मी आणि शिपाई मावशीने उचलून रिक्षात घातली. माझ्या मांडीवर डोकं. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, काय खाल्लं? तिच्या स्कर्टच्या खिशातून निघालं. कलिंगड.

डॉक्टर म्हणाले, एका दमात बरंच ओढलंय, निकोटीन चढलंय. वेळेवर आणलीत.

शुद्धीवर आली तेव्हा तिची आई विचारत होती, कुठून आणलंस, कुठून आणलंस. आरोही म्हणाली, "शामूदादानी दिलं." हा शामू कोण, ते तिथं फक्त मला माहीत होतं.

मी भिंतीला टेकून उभी होते. ३० जुलैला मी खरं लिहून दिलं असतं तर हे दुकान ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात बंद झालं असतं. चाळीस दिवस. चाळीस दिवस ते दुकान मी चालू ठेवलं.

आरोहीच्या आईने माझा हात धरला. "मॅडम, तुम्ही हुता म्हणून."

१० सप्टेंबर, बुधवार

रजा. सुहासला म्हटलं, अंग दुखतंय. आरोही घरी आली, बरी आहे. दिवसभर पडून होते. आणि हे लिहायला लाज वाटते — पडल्या पडल्यासुद्धा ओढत होते.

११ सप्टेंबर, गुरुवार

पिरनवाडीला जाऊन आले. दुकानाचा पत्ता, पाटीवरचं नाव, उघडण्या-बंद होण्याची वेळ, सगळं नीट लिहून घेतलं. उद्या सरांना देते.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

दिलं. सरांच्या समोर बसून सांगितलं की दुकान मला जुलैपासून माहीत होतं. पहिला रिपोर्ट खोटा होता.

सरांनी चष्मा काढला. "का, विनोदिनीबाई?"

"पोरीच्या वडिलांनी जाऊन मारामारी केली असती," मी म्हटलं. हे खोटं नव्हतं. पण खरंही नव्हतं. सरांनी पोलीस स्टेशनला फोन लावला. समिती मी सोडावी असं तेच म्हणाले, हळू आवाजात. मी हो म्हटलं.

संध्याकाळी कळलं, दुकानावर धाड पडली. पोतंभर माल निघाला.

१४ सप्टेंबर, रविवार

सुहासला सांगितलं. भांडी घासता घासता. त्याच्याकडे पाठ होती म्हणून जमलं.

आधी हसला. "तू? तंबाखूमुक्तीची बाई?" मग माझे खांदे बघितले असतील. नळ बंद केला त्याने.

"कधीपासून?"

"जुलै."

"आणि मी टूथपेस्ट म्हणतोय!" खाली बसला तो, स्वयंपाकघरातल्या फरशीवरच. "रागावू की काय करू, मला कळंना झालंय विनू. काय करायचं ते सांग, ते करतो."

मी पर्समधली काढून त्याच्या हातात दिली. त्याने बत्त्याने ठेचली. मिंटचा वास दिवसभर गेला नाही घरातून.

१८ सप्टेंबर, गुरुवार

सिव्हिलमध्ये तंबाखू सोडवायचा कक्ष आहे, गुरुवारी. मीच किती पालकांना चिठ्ठी दिली होती तिथली! सुहास बाहेर गाडीपाशी थांबला. आत गेले, नंबर घेतला, वळले, तर बाकावर परशराम आणि सौम्या.

परशराम ताडकन उठले. डोळ्यांत पाणी. "मॅडम! माझ्या पोरीसाठी आलासा तुम्ही? सुट्टी काढून? लई उपकार झाले बगा."

किती सोपं होतं! नुसतं हसायचं होतं मला. मान हलवायची होती.

"नाही हो," मी म्हटलं. "मी माझ्यासाठी आले. मलाही लागलंय ते. सौम्याकडून घेतलं तेव्हापासून."

त्यांना समजलंच नाही आधी. माझ्याकडे, पोरीकडे, परत माझ्याकडे. मग बाकाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसले, भिंतीकडे तोंड करून.

सौम्या मात्र जागची हलली नाही. हळूच म्हणाली, "मला तवाच वाटलं हुतं. दुकानाचं नाव विचारलासा, आन् दुकान तसंच चालू."

"मग कुणाला सांगितलं का नाहीस?"

"कुणाला खरं वाटलं असतं, मॅडम?"

समुपदेशनाच्या माधवी मॅडमनी आधी तिला घेतलं, मग मला. किती वेळा, कधी, उठल्यावर किती मिनिटांनी. उत्तरं देताना माझा आवाज मलाच विद्यार्थिनीसारखा वाटत होता. मला चघळायच्या गोळ्या दिल्या, म्हणाल्या, रोजची नोंद ठेवा. मी म्हटलं, वही आहे माझ्याकडे.

बाहेर आले तर परशराम जिन्यात उभे. वर बघितलं नाही त्यांनी. म्हणाले, "मला गुरुवारी सारखी सुट्टी देत न्हाईत. तुम्ही येणारच हायसा तर... हिला संगं आणशिला?"

"माझ्याबरोबर?"

"तुमच्यावर राग हाय माझा. लई हाय. पण हिला काय हुतंय ते तुम्हालाच कळणार. मला न्हाय कळत. मी कधी वडलीच न्हाय."

१९ सप्टेंबर, शुक्रवार

पहिला दिवस. आज नाही.

२० सप्टेंबर

आज नाही. दसऱ्याची सुट्टी लागली. गोळी चघळून जबडा दुखतो.

२१ सप्टेंबर

आज नाही.

२३ सप्टेंबर, मंगळवार

आज नाही. आईला फोन केला. मिश्रीबद्दल काही बोलले नाही. विचारलं, पहिल्यांदा कधी लावलीस? म्हणाली, "वखारीत डोळे झोंबायचे, डोस्कं फिरायचं. शेजारची आक्का म्हणली, लाव, म्हंजे तंबाखू सोसती अंगाला." सतरा वर्षांची होती.

२५ सप्टेंबर, गुरुवार

सौम्याला स्कूटीवरून घेऊन गेले. आठवड्यात दोनदा घसरली, तिने माधवी मॅडमना सरळ सांगून टाकलं. आणि रडली, पहिल्यांदा. आता पुन्हा एकपासून मोजणार नाही म्हणाली, सात दिवसांतले पाच चांगले गेले की! माधवी मॅडम म्हणाल्या, शाब्बास. मग माझ्याकडे वळल्या. मी म्हटलं, एकदाही नाही. त्यांनी मलाही शाब्बास म्हटलं.

२९ सप्टेंबर

आज नाही. सुहासने मला आवडतात म्हणून खानापूर रोडवरून भजी आणली. "तुझा मला अभिमान वाटतोय," म्हणाला. असलं तो कधी बोलत नाही.

२ ऑक्टोबर, दसरा

आज नाही. सोनं द्यायला परशराम आले होते. चहा घेतला. खुर्चीवर बसले. आरोहीची आई पण येऊन गेली, तिला सोबत घेऊन. पोरगी हसत होती.

६ ऑक्टोबर

आज नाही.

९ ऑक्टोबर, गुरुवार

सिव्हिलहून येताना सिग्नलला सौम्या मागून म्हणाली, "मॅडम, चौदा दिवस झाले मला. एकदा बी न्हाय. तुमचे तर एकवीस!"

मी गाडी बाजूला घेतली. खाली उतरले. दुकानाचा पत्ता लिहून घ्यायला गेले होते त्या दिवशी शामूकडून मी तीन घेतल्या होत्या. उद्या दुकान बंद होणार हे मला माहीत होतं म्हणून. एक सुहासने ठेचली. दोन आहेत. या वहीतलं 'आज नाही' एकही खरं नाही.

हे सगळं तिला सांगितलं. रस्त्यावर उभं राहून, गाड्या जात असताना. चौदा वर्षांच्या पोरीला.

तिने हात पुढे केला, वर्गात मी जप्त करताना करते तसा. पर्समधली एक दिली. दुसरी घरी आहे, तांदळाच्या डब्यात. "चला," ती म्हणाली, "मी येतो संगं."

शून्य दिवस.